जीवघेण्या रिअ‍ॅलिटी शोचा थरारपट कमी पैशांत कसा करावा

कैदेत टाकलेली सात-आठ माणसं, भिंतीभिंतीवर कॅमेरे आणि हरला तो मेला असा खेळ. निर्मात्याला ही कल्पना आवडते, कारण लोकेशन एक, कपड्यांचा जोड एक आणि मोठे नट नसले तरी चालतं. तरीही असे चित्रपट फसतात. बहुतेक वेळा संहितेत मरणं मन लावून लिहिलेली असतात, पण शो लिहिलेलाच नसतो. शूटिंग कोण करतंय, बघतंय कोण, पैसा कुठून येतो, माइकच्या बॅटऱ्या कोण बदलतं, कशाचाच पत्ता नसतो. प्रेक्षकाला मात्र हा प्रकार पाठ आहे. घरात माणसं कोंडून त्यांच्यावर चोवीस तास कॅमेरे रोखण्याचा उद्योग नेदरलँड्समध्ये १९९९ साली टीव्हीवर आला आणि मराठीत २०१८ पासून घरोघरी पोचला. त्यामुळे पोकळ शो त्याला पाच मिनिटांत कळतो. म्हणून आधी शो उभा करा, चित्रपट मग.

शोची वही

पटकथेला हात लावण्याआधी आठ-दहा पानांची एक वही करा. खऱ्या वाहिनीचा निर्माता लिहील तशी, कोरडी. तिच्यात पहिल्या पानावर खेळाचा नियम येतो, तोही एका वाक्यात. ‘दर सहा तासांनी मतदान, ज्याला सर्वांत कमी मतं, त्याच्या खोलीचं दार उघडत नाही.’ एवढंच. संहिता न वाचलेल्या माणसाला हा नियम सांगा आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच परत सांगायला लावा. तो अडखळला तर नियम अवघड आहे. थरार नियमाच्या गुंतागुंतीतून येत नाही. ‘आता याचं काय होणार’ हे गणित प्रेक्षक स्वतः मांडू लागतो तेव्हा तो येतो. नियम मध्येच बदलायचा असेल तर एकदाच बदला, तोही चित्रपटाचा दोन-तृतीयांश भाग उलटायच्या आत. दुसऱ्यांदा बदललात की प्रेक्षक हिशोब करणं सोडून देतो आणि हात बांधून बसतो.

नव्वद-शंभर मिनिटांच्या चित्रपटाला सात कैदी पुरतात. एका मरणाआधी त्या माणसाला ओळखायला आठ-दहा मिनिटं लागतात. बारा कैदी घेतलेत तर लोकांना नावं नाही, टी-शर्टावरचे आकडेच लक्षात राहतात. पहिलं मरण विसाव्या मिनिटाच्या आत हवं, नाहीतर धमकी पोकळ वाटते. पुढची मरणं मात्र समान अंतरावर ठेवू नका. दर बारा मिनिटांनी एक जण गेला की प्रेक्षक घड्याळ बघायला लागतो. दोन लागोपाठ आणि मध्ये एक लांबलचक शांतता, हे जास्त जाचतं.

हीच माणसं का पकडली, याचं उत्तर वहीत हवं. खऱ्या शोमध्ये स्पर्धक निवडताना भांडण कुणाचं कुणाशी पेटेल ते बघतात. तुमच्या खलनायकांनीही तसंच केलेलं असणार. त्यांचा निवडीचा तक्ता खरोखर बनवा: फोटो, कर्ज, घरचं माणूस, कशाने चिडतो, कोणाची भीती. हा कागद पुढे एखाद्या कैद्याच्या हाती लागू शकतो, म्हणजे तो प्रॉपही झाला आणि वळणही.

बाकीची पानं पैशाची आणि सामानाची. जागा लपलेली असेल तर वीज जनरेटरची. पंधरा केव्हीएचा जनरेटर तासाला साधारण तीन लिटर डिझेल पितो. म्हणजे दिवसाला सत्तर-बहात्तर लिटर. कोणीतरी ते आणून देतंय, आणि त्या माणसाला आत काय चाललंय हे माहीत आहे किंवा नाही. शो थेट दाखवत असतील तर एका एचडी फीडला पाच-सहा एमबीपीएस अपलोड लागतो, आणि बघणाऱ्यापर्यंत चित्र दहा ते तीस सेकंद उशिरा पोचतं. कैद्याच्या हाती फोन लागला आणि त्यात त्याला तो स्वतःच दिसला, तर तो वीस सेकंदांपूर्वीचा ‘तो’ असेल. अशा एका तपशिलात अख्खा प्रसंग दडलेला असतो.

सर्वांत उपयोगी तपशील माइकचा. रिअ‍ॅलिटी शोमध्ये प्रत्येकाच्या अंगावर कॉलर माइक असतो आणि कमरेला ट्रान्समीटर. त्यातले दोन पेन्सिल सेल सहा ते आठ तास चालतात. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा कोणीतरी कैद्याच्या हाताच्या अंतरावर येणारच. सुटकेची योजना इथून सुरू करा. हवेच्या नळीतून रांगत जाणारा नायक आता पुरे झाला.

जाता जाता, मुखवटे घातलेल्या रखवालदारांबद्दल. ते आता इतके झालेत की पडद्यावर आले तरी कोणी दचकत नाही. फायदा फक्त बजेटला होतो: चार मुलं दहा रखवालदार उभे करतात. तेवढ्यासाठी ठेवायचे असतील तर ठेवा, पण एकाला तरी बिनमुखवट्याचा, जेवणाचा डबा घेऊन येणारा करा. भीती त्याचीच वाटेल.

कॅमेरे दोन जातीचे

या चित्रपटात दोन नजरा असतात. एक शोची: वर कोपऱ्यात बसवलेली, रुंद, सगळं सारखंच फोकसमध्ये, न हलणारी. दुसरी चित्रपटाची: कैद्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, जवळ, श्वासासोबत हलणारी. शॉट लिस्टमध्ये प्रत्येक शॉटपुढे ‘शो’ की ‘चित्रपट’ हे लिहा. हमखास होणारी चूक अशी की कंट्रोल रूमच्या मॉनिटरवर नायिकेचा सुंदर क्लोज-अप दिसतो, मागची भिंत धूसर, आणि तिथे कॅमेरा असणं शक्यच नसतं. खोलीचा नकाशा काढून शोचे कॅमेरे क्रमांकाने मांडा, प्रत्येकाला काय दिसतं आणि काय दिसत नाही ते रंगवा. न दिसणारे कोपरे पटकथेला लागतातच.

सीसीटीव्हीचं चित्र मिळवायला खरा सीसीटीव्ही वापरायचा मोह आवरा. त्याचं घड्याळ सरकतं, फाइल काढताना डोकेदुखी होते आणि फ्रेमरेट संकलनात जुळत नाही. आपलाच कॅमेरा साडेआठ-नऊ फुटांवर कोपऱ्यात बसवा. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १६ ते २० मिमी लेन्स, सुपर ३५ वर (त्याहून लहान सेन्सरवर) १२ ते १४. अ‍ॅपर्चर एफ ८ च्या आसपास, म्हणजे खोलीभर फोकस राहतो; आयएसओ वाढून दाणे आले तर इथे ते हवेच आहेत. शूट २५ फ्रेमवर करा आणि संकलनात एक सोडून एक फ्रेम धरून ठेवा; साडेबारा फ्रेमची ती तुटक चाल आपोआप येते. मग क्लिप ६४०×३६० वर उतरवा, ४०० केबीपीएसच्या आसपास एच.२६४ मध्ये काढा आणि परत मोठी करून टाइमलाइनवर ठेवा. हालचालीच्या जागी चौकोन फुटतात, ते फिल्टरने आणलेल्या चौकोनांपेक्षा खरे दिसतात.

यावर टेपच्या आडव्या रेघांचं तयार ओव्हरले टाकू नका. त्या रेघा व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यातल्या आहेत, डिजिटल रेकॉर्डर तसं करत नाही. लाल ठिपक्यासह लुकलुकणारं ‘रेक’ आणि कोपऱ्यातल्या चौकटीही नकोत. त्या कॅमेरामनला दिसतात, रेकॉर्डिंगमध्ये उतरत नाहीत. तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचा क्रमांक एवढंच पुरे, आणि तेही संकलन लॉक झाल्यावर चढवा. आधी चढवलंत तर एक प्रसंग पुढे-मागे केला की सगळी घड्याळं खोटी पडतात.

अंधारातल्या शॉटसाठी: रात्रीचा सीसीटीव्ही काळा-पांढरा असतो, प्रकाश लेन्सशेजारूनच येतो, त्यामुळे सावल्या माणसाच्या बरोबर पाठीमागे लपतात आणि बुबुळं चमकतात. लेन्सला चिकटून छोटा दिवा लावा, बाकी खोली अंधारी ठेवा, रंग काढून टाका. शिवाय ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड दिवे अंधारात मंद लाल दिसतात, ९४० चे दिसत नाहीत. तुमच्या खलनायकांनी स्वस्तातले घेतले असतील तर दिवे गेल्यावर कैद्यांना कॅमेरे मोजता येतील.

आरशामागून शूट करायचं असेल तर साध्या काचेला ऑफिसात लावतात ती वन-वे फिल्म चिकटवली तरी भागतं. अट एकच: कॅमेऱ्याची बाजू काळीकुट्ट हवी. काळा पडदा, काळे कपडे, मॉनिटरचा उजेड झाकलेला. लेन्स काचेला समांतर आणि दोन-तीन इंचांवर ठेवा, तिरकी धरली की दुहेरी प्रतिबिंब येतं. दोन ते तीन स्टॉप उजेड खाल्ला जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेव्हा कैद्यांच्या खोलीत तेवढा जास्त लावा.

कंट्रोल रूम आणि मॉनिटरची भिंत

पडदे हिरवे ठेवून नंतर चित्र भरू हा विचार सोडा. बारा पडद्यांचं ट्रॅकिंग महाग पडतं, शिवाय चेहऱ्यावर पडद्याचा हलता उजेड येत नाही आणि नटाला बघायला काही नसतं. खरं चित्र चालवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास विचारलंत तर जुने मॉनिटर, टीव्ही सापडतात. यूएसबीवरून व्हिडिओ चालवणारे एकाच मॉडेलचे टीव्ही मिळाले तर काम फारच सोपं होतं: प्रत्येकात पेनड्राइव्ह लावा आणि एकाच रिमोटने सगळे एकदम सुरू करा. फाइलच्या सुरुवातीला वीस सेकंद नुसतं काळं चित्र ठेवा, कारण ‘प्ले’ची चिन्हं तेवढा वेळ पडद्यावर रेंगाळतात.

पडद्यांवर काळे पट्टे सरकताना दिसले तर कारण दोनांपैकी एक. मॉनिटर ६० हर्ट्झवर आहे, त्याला सेटिंगमध्ये ५० वर आणा. किंवा बॅकलाइट कमी केला आहे. बॅकलाइट मंद केला की तो प्रत्यक्षात भराभर उघडझाप करू लागतो. बॅकलाइट पूर्ण ठेवून कॉन्ट्रास्ट उतरवा. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीचीही तीच गत. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० ठेवा: कॅमेऱ्यात शटर कोनात मांडलेलं असेल तर २५ फ्रेमला १८० अंश, २४ फ्रेमला १७२.८. शंकेचा दिवा असेल तर शूटिंगच्या आधी दोन मिनिटं रेकॉर्ड करून मोठ्या पडद्यावर बघा. फोनच्या पडद्यावर झगमग दिसत नाही, थिएटरमध्ये दिसते.

कंट्रोल रूममधली माणसं ओरडत नाहीत. मल्टिकॅमचा दिग्दर्शक सपाट आवाजात ‘स्टँडबाय तीन… कट तीन’ म्हणत असतो, शेजारी स्विचरवर एक जण, एक जण लॉग लिहितोय, कोणीतरी वडापाव खातंय. मरण चालू असतानाही हीच भाषा चालू ठेवा. मोठ्याने हसणाऱ्या खलनायकापेक्षा ‘चारवर फोकस सॉफ्ट आहे’ हे वाक्य जास्त अंगावर येतं.

नटांना बांधताना

इथे घाई करायची नाही. या चित्रपटात नट ‘सोडा’, ‘थांबवा’, ‘श्वास घेता येत नाही’ हे भूमिकेतच किंचाळत असतो. तो खरोखर घुसमटला तर कोणाला कळणार? म्हणून संहितेत कुठेही न येणारा एक शब्द ठरवा, ‘फणस’ चालेल. तो ऐकला की स्पॉटबॉयसुद्धा शॉट तोडू शकतो. तोंड बांधलेलं असेल तर नटाच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा द्या. तो खाली टाकला की कट. प्रत्येक बांधलेल्या नटामागे कात्री घेऊन एक माणूस, त्याला दुसरं काम नाही.

दोरीची गाठ कॅमेऱ्याकडून खरी आणि मागून नुसती गुंडाळलेली ठेवा. साखळी प्लास्टिकची, चंदेरी रंगवलेली; खणखणाट नंतर फोलीत, म्हणजे स्टुडिओत वेगळा आवाज करून. तोंडावरची टेप लावण्याआधी तिच्या मधल्या भागाला आतून टेपचाच उलटा तुकडा चिकटवा, म्हणजे ओठ आणि कातडीला गोंद लागत नाही. नाक मोकळं. सर्दी झालेल्या नटाचा तो शॉट पुढे ढकला.

गळ्यातल्या ‘स्फोटक’ पट्ट्यात विजेचं काहीही गळ्याला लागेल असं नको. चार मिमी जाडीची फोमची पट्टी (योगा मॅट कापली तरी होते), साडेतीन सेंटिमीटर रुंद, बाहेरून काळं रेक्झिन, आतून सुती अस्तर, नाहीतर घामाने मानेवर पुरळ उठतं. मागे कुलूप दिसतं ते खोटं. बंद पाच सेंटिमीटरच्या वेल्क्रोने. एका बोटाने ओढल्यावर उघडायला हवा. तो उघडत नसेल तर पुन्हा बनवा. पुढे छोट्या डबीत लाल एलईडी, १०० ओहमचा रेझिस्टर आणि नाण्यासारखा सीआर २०३२ सेल. लुकलुकणारा एलईडी घेऊ नका. दोन शॉट जोडले की लुकलुक जुळत नाही आणि प्रत्येक कटला डोळ्याला टोचते. दिवा स्थिर ठेवा, लुकलुक हवी तिथे संकलनात आणा. प्रत्येक कैद्याचे तीन पट्टे करून ठेवा.

रक्त

परदेशी कृतींतल्या कॉर्न सिरपऐवजी केकच्या सामानाच्या दुकानात मिळणारा लिक्विड ग्लुकोज वापरा. एक वाटी ग्लुकोज, पाव वाटी कोमट पाणी, एक ते दीड चमचा लाल जेल रंग, एक चमचा कोको पावडर आणि निळ्या रंगाचे दोन-तीन थेंब. कोको आधी चमचाभर पाण्यात कालवा, थेट टाकलात तर गुठळ्या होतात. नुसतं लाल केलं की ते रूहअफजासारखं दिसतं. निळा आणि कोको त्याला खोली देतात. जुन्या, सुकलेल्या डागासाठी कोको दुप्पट. तोंडात घ्यायचं नसलेल्या रक्तात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण घाला, कपडे धुताना रंग सुटायला मदत होते. तोंडातल्या रक्ताची बाटली वेगळी ठेवा आणि तिच्यावर ठळक चिठ्ठी लावा.

अडचणी ठरलेल्या. साखरेचं असल्याने पाऊण तासात मुंग्या येतात. जमिनीवर सांडलेलं लगेच ओल्या फडक्याने पुसा. थंड गोडाऊनमध्ये ते घट्ट होतं, मग बाटली कोमट पाण्यात उभी करा. कातडीवर रंग दिवसभर राहतो. आधी हलकं मॉइश्चरायझर लावलं तर कमी धरतो, उरलेला शेव्हिंग फोमने निघतो. निळसर-हिरव्या उजेडात रक्त काळं पडतं आणि पिवळ्यात नारिंगी, म्हणून बरणीत नव्हे तर त्याच सेटच्या उजेडात, त्याच कपड्यावर चाचणी घ्या. पांढऱ्या गणवेशावरचे डाग पूर्ण जात नाहीत. साध्या कैद्याला तीन जोड, मरणाऱ्याला पाच, आणि आधी कोरड्या अंगाचे सगळे शॉट.

बंदुका असल्याच तर रबराच्या किंवा लाकडाच्या. ठिणगी, धूर, आवाज सगळं नंतर. २०२१ साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोत एका वेस्टर्नच्या सेटवर प्रॉप म्हणून हाती दिलेल्या पिस्तुलातून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार हॅलिना हचिन्स गेल्या. ब्लँकसुद्धा (गोळी नसलेलं, नुसत्या दारूचं काडतूस) नको, जवळून तोही मारतो. खोट्या बंदुकांसाठीही स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पोच मिळालेली प्रत सेटवर ठेवा. अपहरणाचा प्रसंग रस्त्यावर असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण व्हॅनमध्ये कोणाला कोंबताना दिसलं तर आपल्याकडे लोक मध्ये पडतात, आणि पडायलाच हवं.

जागा आणि दिवस

बंद पडलेलं गोडाऊन, एमआयडीसीतली शेड, जुनं शीतगृह, सुट्टीतली शाळा यांतलं काहीही चालेल. पत्र्याची शेड स्वस्त मिळते, पण जून ते सप्टेंबर तिच्यात आवाज रेकॉर्ड करणं अशक्य आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी माणसं भाजून निघतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. छत सिमेंटच्या जुन्या पत्र्याचं असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो. त्याला भोकं पाडू नका, दिवे स्वतंत्र पाइपच्या सांगाड्यावर टांगा. घुमणारा आवाज मारायला चौकटीबाहेरच्या भिंतींवर सतरंज्या आणि गोधड्या लटकवा.

सूत्रधाराचा लाउडस्पीकरवरचा आवाज सेटवर कोणीतरी खरोखर वाचावा, नटांची दचक त्याशिवाय येत नाही. फक्त त्याच्या वाक्यावर नटाने वाक्य चढवायचं नाही, अर्धा सेकंद जागा सोडायची, म्हणजे नंतर खरा आवाज बसवता येतो.

नव्वद पानांच्या संहितेला रोज साडेचार पानं धरली तर वीस दिवस. कैद्यांचे प्रसंग कथेच्या क्रमानेच घ्या: दाढी, मळ, जखमा, बसलेला आवाज यांचा क्रम मागेपुढे केला की मेकअपवाला आणि कंटिन्युइटीवाला दोघेही रडतात. मेलेले नट लवकर सुटतात, त्यांचे पैसेही वाचतात. कंट्रोल रूम सर्वांत शेवटी, सलग तीन दिवसांत. पडद्यांवर चालवायचं चित्र तोवर तयार झालेलं असतं. त्याआधी एक दिवस संकलकाला मोकळा द्या.

सेन्सॉरचा विचार शूटिंगच्या आधी करायचा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूए चे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. ए प्रमाणपत्राचा चित्रपट टीव्हीवर दाखवता येत नाही, आणि टीव्हीचा पैसा हातचा गेला तर छोट्या निर्मात्याचा हिशोब कोलमडतो. म्हणून प्रत्येक मरणाचे दोन प्रकार सेटवरच घेऊन ठेवा: एक जसं लिहिलंय तसं, आणि दुसरं ज्यात शोचा कॅमेरा ऐनवेळी दुसऱ्या फीडवर जातो आणि मरण फक्त कंट्रोल रूममधल्या चेहऱ्यांवर दिसतं. या दुसऱ्या प्रकाराला प्रत्येकी जेमतेम अर्धा तास लागतो. संकलनाच्या टेबलावर तोच अनेकदा पहिल्यापेक्षा वरचढ ठरतो.